सभा बरखास्त, दिवे चालू

संगणक सुरू होत नाही असं सांगितलं की लोक हळहळतात. कोणी म्हणतं केबल तपासा, कोणी म्हणतं रॅम काढून खोडरबराने पुसा, एखादा उत्साही शेजारी तर खोडरबर घेऊनच दारात उभा राहतो. पण संगणक बंद होत नाही असं सांगून बघा. समोरचा आधी हसतो, मग म्हणतो, "मग पिन काढा की!" बंद होणं हेही एक काम आहे, त्याचीही रीत आहे आणि ती बिघडू शकते, हे कोणाच्या पचनीच पडत नाही. चालू वस्तू बंद पडली तर आपण त्याला बिघाड म्हणतो. बंद होणारी वस्तू चालूच राहिली तर तिला आपल्याकडे टिकाऊ म्हणतात.

आमच्या घरचा संगणक या अर्थाने फारच टिकाऊ निघाला. 'शट डाऊन' म्हटलं की पडदा काळा होई, पण पेटीतला पंखा घरघरत राही आणि पुढचा निळा दिवा तेवत राही. टेबल अण्णांच्या खोलीत आहे आणि दिवा बरोबर त्यांच्या उशीच्या दिशेला. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले. घरात कुठे काय चालू आहे हे त्यांना झोपेतही कळतं. "तुझं ते यंत्र रात्रभर कसला जप करतं रे?" त्यांनी एका सकाळी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खाली केलं. त्यांच्या लेखी प्रश्न तिथेच संपला.

खरं तर अण्णांच्या पिढीच्या संगणकांना हा रोग नव्हताच. नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणक घेतला त्यांना पुढच्या बाजूचं ते दणकट बटण आठवत असेल. मागच्या पॉवर सप्लायमधून एक जाड केबल थेट त्या बटणापर्यंत यायची आणि तिच्यातून घरातली २३० व्होल्टची वीज खरोखर वाहायची. खट् केलं की वीज तुटली. संगणकाचं मत विचारण्याची पद्धत नव्हती. विंडोज ९५ आपली आवराआवर करून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची पाटी लावायचं, मग घरातला कर्ता पुरुष खुर्चीतून उठून खट् करायचा आणि कर्ती बाई त्यावर प्लास्टिकचं कव्हर घालायची. कव्हर घातलं म्हणजे संगणक बंद. इतकी स्वच्छ व्याख्या पुन्हा कोणाला करता आली नाही.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि वीज तोडण्याचा अधिकार माणसाच्या बोटातून काढून मदरबोर्डाच्या हाती दिला. आता पॉवर सप्लायमधून एक हिरवी तार मदरबोर्डाकडे जाते. बोर्डाने त्या तारेवरून खूण केली तरच मोठी वीज सुरू राहते, खूण काढून घेतली की बंद. एका जांभळ्या तारेवर मात्र ५ व्होल्ट कायम जागे असतात, कारण तुम्ही बटण दाबलंत हे कळायला कोणीतरी जागं हवं ना! म्हणजे तेव्हापासून पुढचं बटण हा हुकूम राहिला नाही, तो अर्ज झाला. अर्ज संगणकाकडे जातो, संगणक विचार करतो, सोयीप्रमाणे मंजूर करतो. नाहीच केला तर बटण चार सेकंद दाबून धरायचं, म्हणजे वरच्या वर वीज तुटते, एवढी एक पळवाट रचनाकारांनी ठेवली. पहिल्यांदा ही पळवाट सापडते तेव्हा माणसाला फार अधिकारी झाल्यासारखं वाटतं.

आणि महाराष्ट्रात मध्यंतरी भारनियमनाची सोय होतीच. त्या काळात संगणक बंद होत नाही अशी तक्रार केलेला माणूस मला आठवत नाही. उलट चालू कधी करायचा याचंच वेळापत्रक असे. लिनक्सची तेव्हाची जुनी एक्स्ट२ फाइलव्यवस्था असेल तर वीज आल्यावर ती सगळी डिस्क चाळत बसायची, आणि चाळून होईपर्यंत पुन्हा वीज जायची. २००१ च्या अखेरीस एक्स्ट३ आणि २००८ मध्ये एक्स्ट४ लिनक्सच्या गाभ्यात आली. त्या आपल्या कामाची आधी टिपणी ठेवतात, त्यामुळे अचानक वीज गेली तरी डिस्कची लक्तरं होत नाहीत. तरीसुद्धा न जपून ठेवलेलं पत्र जातं ते जातंच. अण्णांच्या बोर्डाच्या बटणाने माझी एक आख्खी बिलांची यादी गेली. त्यावर ते म्हणाले, "बिलं तर आहेत ना?"

आमच्या घरात लिनक्स आलं ते तत्त्वज्ञानामुळे नव्हे, तारखेमुळे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या पेटीत नव्हती. पेटी तशी धडधाकट. भंगारवाल्याला द्यायला मन होईना. हिंजवडीत नोकरीला असलेला भाचा म्हणाला, "मामा, टाकू नका. मी लिनक्स टाकतो. अजून दहा वर्षं पळेल." पळेल एवढंच तो बोलला. थांबेल का, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आला नाही. रविवारी आला, एका हाताने मिसळ खात दुसऱ्या हाताने त्याने ते टाकलं, एकदा मध्येच "हात्तिच्या" म्हणाला, काहीतरी खटखट टाइप केलं, आणि चहा पिऊन गेला. ते "हात्तिच्या" लक्षात ठेवा.

चालू असताना तक्रारीला जागा नव्हती. मराठी टंकलेखन झकास, छपाई झकास, फुकट ते फुकट. रोग रात्री उमटायचा, आणि तोही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात बंद करा म्हटलं की पडद्यावर एक चक्र फिरायला लागे आणि फिरतच राही. भाच्याला फोन केला. "मामा, एस्केप दाबा. चक्राच्या मागे खरं काय चाललंय ते दिसेल." दाबलं. चक्राचा पडदा बाजूला झाला आणि मागे काळ्यावर पांढऱ्या ओळींची रांग दिसली. सगळ्यात खाली तांबड्या चांदण्यांची एक छोटी माळ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझारा घालत होती. तिच्या शेजारी लिहिलं होतं, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर...', आणि पुढे एक घड्याळ: २३ सेकंद, कमाल १ मिनिट ३० सेकंद.

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जे बसलेले आहेत त्यांना हे नव्याने समजावून सांगायला नको. विषयपत्रिका संपलेली असते. अध्यक्षांनी आभार मानलेले असतात, वेफर्सच्या बशा फिरून झालेल्या असतात, मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात झालेली असते. तेवढ्यात बी विंगमधले एक सभासद उभे राहतात. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा एक विषय." विषय दरवर्षीचाच, गच्चीवरच्या गळतीचा. सेक्रेटरी घड्याळ बघतात. सभासद म्हणतात, मला उत्तर मिळाल्याशिवाय मी बसणार नाही. सगळी सभा उठलेली, एकटे ते उभे, आणि त्यांच्यामुळे हॉलला कुलूप लागत नाही.

लिनक्समध्ये सेक्रेटरीचं काम सिस्टिमडी नावाचा प्रोग्राम करतो. लेनर्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स या दोघांनी २०१० मध्ये तो आणला. त्यावरून लिनक्सवाल्यांत जी भांडणं झाली ती पाहता आमच्या बी विंगला सभ्यच म्हणायला हवं. हा सेक्रेटरी संगणक सुरू होताना सगळ्या सेवांना कामाला लावतो, बंद होताना साधारण उलट्या क्रमाने घरी पाठवतो. प्रत्येकाला आधी १५ नंबरचा सिग्नल. अर्थ असा की आपलं आटपून घ्यावं ही विनंती. मग नव्वद सेकंद वाट. तरी नाही हललं तर ९ नंबरचा सिग्नल, ज्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही, कारण तो संबंधिताला ऐकूच येत नाही. थेट हिशोबच होतो. नव्वद सेकंद हा आकडा ठरवणाऱ्याने रात्री साडेअकराला संगणकासमोर उभं राहून ते मोजले असतील असं मला वाटत नाही. फेडोरावाल्यांनाही ते जास्त वाटले. तिथे १५ सेकंदांचा प्रस्ताव आला, चर्चा झाली, आणि २०२३ च्या फेडोरा ३८ मध्ये ४५ वर तडजोड झाली. सभा कुठल्याही देशातली असो, तडजोड मधल्या आकड्यावरच होते.

आमच्या चांदण्या मात्र दीड मिनिटावर थांबत नसत. घड्याळ नव्वदला टेकलं की कमाल मर्यादा शांतपणे तीन मिनिटं होई. याचं कारण भाच्याने सांगितलं ते मला फार आवडलं. प्रोसेसची एक अवस्था असते, तिला 'डी' म्हणतात. डिस्ककडून किंवा नेटवर्कवरून उत्तर येण्याची ती वाट बघत असते, आणि उत्तर येईपर्यंत तिला कोणी उठवू शकत नाही. ९ नंबरसुद्धा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे सेक्रेटरींनी हात धरून बाहेर काढायचं ठरवलं तरी बी विंगचे सभासद जागचे हलत नाहीत. ते अंधारातही गळतीच्या उत्तराची वाट बघत उभे.

आमच्याकडचे हे सभासद म्हणजे राउटरला जोडलेली एक डिस्क होती. घरातल्या लग्नामुंजींचे सगळे फोटो तिच्यावर. भाच्याने ती वाय-फायवरून संगणकाला जोडून दिली होती. बंद होताना वाय-फाय आधी घरी जाई आणि मग डिस्कचा रीतसर निरोप घ्यायला माणूस निघे. निरोप जाणार कुठल्या वाटेने? तो बिचारा उत्तराची वाट बघत उभा. उपाय साधा निघाला. डिस्कांची यादी ज्या फाइलमध्ये असते त्या एफएसटॅबमध्ये, ही डिस्क नेटवर्कवरची आहे असं सांगणारा एक शब्द घालायचा, आणि वाय-फायची जोडणी माझ्या एकट्याच्या नावावर न ठेवता सगळ्या संगणकाच्या नावावर करायची, म्हणजे मी बाहेर पडलो म्हणून ती तुटत नाही. भाच्याने फोनवरून सांगितलं, मी टाइप केलं. "स्लॅश ईटीसी स्लॅश." "कुठल्या बाजूला झुकलेला स्लॅश?" "मामा, उजवीकडे." "माझ्या उजवीकडे की तुझ्या?" यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही.

चांदण्या गेल्या. ओळी भराभर वर सरकू लागल्या, प्रत्येकीपुढे हिरवं 'ओके'. फाइलव्यवस्था उतरवल्या, ओके. सगळं ओके. पडदा काळा. पंखा चालू. दिवा चालू.

हा दुसरा टप्पा. इथे सल्लागारांची संख्या एकदम वाढते, कारण आता पडद्यावर दीड मिनिटाचं घड्याळ नसतं, नुसतं गूढ असतं. शेजारच्या काकांनी प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल म्हणून सांगितलं. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने पेटी न उघडता, पेटी न बघता, फोनवरच "एसएमपीएस गेला" असं निदान केलं आणि जाताजाता विंडोज टाकून द्यायची तयारी दाखवली. अण्णांचा उपाय भिंतीवर होताच. बायको म्हणाली, "अहो, पूर्वी होतं ते बरं नव्हतं का? निदान बंद तरी व्हायचं." यावर मी तिला सांगितलं की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तिथेही शट डाऊन पूर्ण होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून ते आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर उतरवून ठेवतं आणि झोपी जातं. ती म्हणाली, "पण पंखा बंद करून झोपतं ना?" याला उत्तर नाही.

भाच्याच्या मते संशयित पुष्कळ होते. नेटवर्क कार्ड, कारण त्याला नेटवरून हाक आली की संगणक उठवायची सवय असते. यूएसबी ३ चा नियंत्रक, कारण काही मदरबोर्डांवर तो बंद झाल्याझाल्या संगणकाला पुन्हा जागं करतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कारण तो नेहमीच संशयित असतो. एकेकाला बाहेर काढून बघायचं होतं. यूएसबीवर संशय असेल तर सगळ्या यूएसबी काढून मग संगणक बंद करून बघायचा. पण कीबोर्ड-माउसही यूएसबीच. ते काढल्यावर बंद करायचा कसा? यावर तोडगा आहे, आणि मला तो फारच देखणा वाटला. 'स्लीप २०' लिहायचं, अर्धविराम द्यायचा, 'पॉवरऑफ' लिहायचं, एंटर मारायचा. म्हणजे वीस सेकंद थांब आणि मग बंद हो. त्या वीस सेकंदांत टेबलाखाली शिरून सगळ्या वायरी उपटायच्या. टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटतं ते वेगळं. यूएसबी निर्दोष सुटली.

मग आणीबाणीची किल्ली. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचे आणि एकेक अक्षर सावकाश वाजवायचं: आर, ई, आय, एस, यू, ओ. आरने कीबोर्ड ताब्यात येतो, ईने सगळ्यांना विनंती, आयने सगळ्यांचा हिशोब, एसने लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, आणि ओने वीज बंद. सगळ्या लिनक्समध्ये ही सगळी अक्षरं चालू ठेवलेली नसतात, आधी सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. दोन्ही हात पसरून मी एकेक सूर लावत होतो तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "पेटी शिकताय का?" यूपर्यंत सगळं सुरात लागलं. ओला पंख्याने दाद दिली नाही.

खोलात गेल्यावर मला लिनक्सची बंद होण्याची कळ सापडली नाही, पण तिचं कुलूप सापडलं. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्नलला, म्हणजे गाभ्याला, 'बंद हो' असं नुसतं सांगून भागत नाही. चुकून कोणी सांगू नये म्हणून सोबत परवलीचे दोन आकडे द्यावे लागतात. पहिला आकडा षोडशमान पद्धतीत लिहिला तर इंग्रजीत 'फील डेड' असा वाचता येतो. दुसरा आहे ६७२२७४७९३. दिसायला अगदी मीटरचं रीडिंग. तोच षोडशमान पद्धतीत मांडला की होतो २८१२१९६९, आणि २८ डिसेंबर १९६९ ही लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये त्यांनी हा गाभा लिहायला घेतला. पुढे त्यांना तीन मुली झाल्या. त्यांच्याही जन्मतारखा एकेक आकडा होऊन यादीत आल्या. आता चौघांपैकी कोणाचीही तारीख सांगितली तरी कर्नल ऐकतो. जगभरातले लिनक्सचे सर्व्हर आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन बंद होताना एका घरातल्या कोणाचा तरी वाढदिवस पुटपुटून बंद होतात. मी हे मोठ्या कौतुकाने घरी सांगितलं. बायकोने एकच विचारलं, "आणि त्यांच्या बायकोचा?" बायकोचा नाही. टोवे टोरवाल्ड्स या फिनलंडच्या सहा वेळच्या राष्ट्रीय कराटे विजेत्या आहेत. "मग त्यांनी ती यादी बघितलेली नसणार," असा निष्कर्ष आमच्याकडे निघाला.

पण परवलीचे आकडे बरोबर असले तरी कर्नलला स्वतःला वीज तोडता येत नाही. सभा बरखास्त करता येते, हॉलचा मेन स्विच मात्र वॉचमनच्या केबिनमध्ये. हा वॉचमन म्हणजे एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ही व्यवस्था जाहीर केली. संगणकाच्या झोपेचे प्रकार तिने क्रमाने लावले. त्यातला एस५ म्हणजे बंद. आता गंमत अशी की एस५ ला कसं पोचायचं हे लिनक्सला मुळात माहीत नसतं. ते मदरबोर्ड बनवणाऱ्याने बोर्डातच एका तक्त्यात लिहून ठेवलेलं असतं, तेही छोट्या प्रोग्रामच्या रूपात. लिनक्स तो तक्ता वाचतं, झोपेआधी करायचे त्यातले विधी करतं, आणि सांगितलेल्या जागी सांगितलेला आकडा लिहितं. चिपसेट तो बघतो, हिरव्या तारेवरची खूण काढून घेतो, पंखा थांबतो. कुठे कुठला आकडा लिहायचा हे दर बोर्डाचं वेगळं. बऱ्याच बोर्डवाल्यांनी ते लिहिताना विंडोजवर चालतंय ना एवढंच बघितलेलं असतं. त्यामुळे लिनक्समध्ये 'बंद होत नाही' हा विषय निघाला की जुनी माणसं आधी एसीपीआयचं नाव घेतात आणि मग बायोस अपडेट करायला सांगतात.

आमचाही बायोस अपडेट होणारच होता. पण त्याआधी भाच्याने सांगितलं, पडद्यावरची अगदी शेवटची ओळ काय असते तेवढं कळवा. चक्र आता मी दर वेळी एस्केप दाबून बाजूला करत होतो, ओळी दिसत होत्या, पण पडदा काळा व्हायच्या आत डोळ्यांनी वाचायला वेळ नव्हता. म्हणून मोबाईलचा व्हिडिओ चालू करून समोर धरला आणि नंतर एकेक चित्र थांबवत बघितलं. शेवटची ओळ 'सिस्टिम हॉल्टेड' अशी होती. निरोगी संगणकावर तिथे 'पॉवर डाऊन' येतं. मी वाचून दाखवलं. फोनवर शांतता.

"मामा, आणखी एक सांगा. पुढचं बटण हलकेच दाबलं तर बंद करायचं विचारतो का?"

"छे. त्याला काही होतच नाही. चार सेकंद धरावं लागतं."

"आणि सिस्टिम मॉनिटरमध्ये प्रोसेसर किती दिसतात?"

"एक."

"चार हवेत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा बारीक झाला. "मामा, 'कॅट' लिहा, जागा सोडा, स्लॅश 'प्रॉक' स्लॅश 'सीएमडीलाइन'. उजवीकडे झुकलेले. आणि जे येईल ते वाचा."

कर्नल सुरू होताना त्याला कोणत्या सूचना दिल्या होत्या त्यांची ही फाइल. लांबलचक आकडे आले, मग 'क्वाएट', मग 'स्प्लॅश', आणि सगळ्यात शेवटी: 'एसीपीआय=ऑफ'.

ते "हात्तिच्या" आठवतंय ना? त्या रविवारी लिनक्स टाकताना पडदा काळा होऊन अडकला होता. अशा वेळी एसीपीआय बंद करून बघायचं हा जुना, ऐकीव, बऱ्याचदा चालणारा उपाय. भाच्याने तो केला, काम पुढे सरकलं, मिसळ गार होत होती. आणि लिनक्स टाकणाऱ्या प्रोग्रामने ती सूचना इमानाने कायमची लिहून ठेवली. म्हणजे वॉचमनला पहिल्याच दिवशी सुट्टी देऊन टाकली होती. सभा दर रात्री रीतसर बरखास्त होत होती, पण मेन स्विचपाशी कोणीच नव्हतं. वीज तोडायला कोणी नाही असं दिसलं की कर्नल 'बंद हो' हा हुकूम आपणच 'थांब' असा करून घेतो आणि जागच्या जागी उभा राहतो. प्रोसेसर चार आहेत ही नोंदही एसीपीआयच्याच तक्त्यात. ती कोणी वाचलीच नाही, म्हणून तीन प्रोसेसर महिना-दोन महिने बसून पगार खात होते. पुढच्या बटणाचा अर्जही एसीपीआयकडेच जातो, त्यामुळे तो घ्यायला टेबलावर माणूस नव्हता.

दुरुस्तीत सांगण्यासारखं फार नाही. आधी एकदाच प्रयोग म्हणून, सुरू होतानाच्या ग्रबच्या यादीत 'ई' दाबून ते दोन शब्द खोडले. संगणक अडकला नाही. मधल्या काळात नवा कर्नल आला होता, त्याला तो काळा पडदा जाणवलाच नाही. मग ग्रबच्या फाइलमधून कायमचे काढले आणि 'अपडेट-ग्रब' केलं. चारही प्रोसेसर हजर झाले. बंद करा म्हटलं, ओळी गेल्या, 'पॉवर डाऊन' आलं आणि पंखा थांबला. एसएमपीएस ठणठणीत आहे. पेस्ट वाळलेली असेलही, कोणी बघितली नाही.

अण्णा बघायला आले. त्यांनी पेटीला हात लावून खात्री केली, मग वाकून टेबलावरच्या माउसकडे बोट दाखवलं. माउसच्या पोटातला लाल दिवा चालू होता. "याला तुम्ही बंद म्हणता?" मी त्यांना जांभळ्या तारेचे ५ व्होल्ट समजावून सांगितले. एस५ च्याही पलीकडे एक अवस्था असते, तिला जी३ म्हणतात, आणि तिथे फक्त खऱ्याखुऱ्या स्विचनेच जाता येतं, हेही सांगितलं. अण्णांना एवढंच ऐकायचं होतं. एसीपीआयच्या हजारावर पानांच्या ग्रंथात बोर्डाच्या बटणाला मानाचं पान आहे हे त्यांनी नंतर शेजारच्या काकांना दोनदा सांगितलेलं मी ऐकलं. बायोसमध्ये माउसला मिळणारे हे ५ व्होल्टही तोडणारी एक सेटिंग बऱ्याच बोर्डांवर असते. पण ती मी अजून त्यांना सांगितलेली नाही.

तुमच्याकडे लिनक्स असेल आणि ते बंद व्हायला नकार देत असेल, तर चार सेकंदांच्या पळवाटेकडे धावू नका, आणि तपकीर गल्लीत तर मुळीच जाऊ नका. एस्केप दाबा, नव्वद सेकंद जाऊ द्या, तीन मिनिटं झाली तर तीही जाऊ द्या. तोवर मोबाईलचा व्हिडिओ चालू ठेवून पडद्यासमोर धरा. नंतर लॉगमध्ये बघू म्हणाल, तर लॉग लिहिणारी सेवाही तोपर्यंत घरी गेलेली असते आणि डिस्क उतरवलेली असते. शेवटची ओळ पडद्याशिवाय दुसरीकडे कुठेही लिहिली जात नाही.